पीतज्वराची पत्रं आणि निळ्या काठाचा कप

मी, खाली सही करणारी, अभिलेखागारात जुने कागद दुरुस्त करून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. हात थरथरतो तो वयामुळे. तो कुणी धरलेला नाही. हृदय थकलं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी कलम तीन वाचावं. मी काय काय विसरलेले नाही ते कळेल.

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावी. मागची खिडकी आधी खाली ओढावी, मग ढकलावी, तरच लागते. घर विकायचं असेल तर खुशाल विकावं. मी भूत होऊन येणार नाही.

दोन. माझी हत्यारं, म्हणजे कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, ब्रश आणि खळ शिजवायचं पातेलं, अभिलेखागारात माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावीत. तिनं खळ पातळ ठेवावी, नाहीतर कागद आखडतो. पीतज्वराच्या संशोधनाचा पत्रव्यवहार आता तिच्या हाती आहे. एका डॉक्टरानं दूरच्या बंदरावरच्या छावणीतून आपल्या बहिणीला लिहिलेली ही पत्रं. माझी उमेदीची वर्षं त्यांच्यात गेली. प्रत्येक पत्राला सुईची भोकं आहेत. रोग कागदाबरोबर येतो असं तेव्हा लोक समजत, म्हणून पत्रं टोचून त्यांना धुरी देत. ती भोकं बुजवू नयेत. कागदावर जे घडलं ते कागदावर राहावं, असा आमचा धंद्याचा नियम आहे.

तीन. निळ्या काठाचा कप वहिनींना द्यावा. कारण त्यांना माहीत आहे, तरी लिहिते. भाची रांगत होती तेव्हा तिनं माझ्या पिशवीतून सुती हातमोजे ओढून काढले. वहिनींनी विचारलं, हे कशाला? मोजे असतात ते बोटांचा घाम कागदाला लागू नये म्हणून. पण मला थट्टेची खोड. मी म्हटलं, "पीतज्वराची पत्रं आहेत, वहिनी. नुसत्या हातानं धरली तर उद्या मी पिवळी दिसेन." मस्करीची कुस्करी झाली. वहिनींनी लेकीला उचलून आत नेलं. पुढच्या खेपेला माझा चहा या कपात आला, आणि धुऊन तो वरच्या फळीवर एकटा गेला. भाची माझ्या मांडीवर पुन्हा बसली नाही. मग मीही जाणं सोडलं. दादा बिचारा दोघींच्या मधे चेपला गेला, आणि आम्हाला एका टेबलाशी बसलेलं न पाहताच गेला. त्या आठवड्यात मी हा कप पिशवीत घालून घरी आणला. वहिनींनी पाहिलं, पण अडवलं नाही.

चार. हे कलम देण्याघेण्याचं नाही. त्याच पत्रांत डॉक्टरानं बहिणीला लिहिलंय की धडधाकट माणसं मेलेल्या रोग्यांच्या चादरींत झोपवली आणि एकालाही ताप आला नाही. रोग डासाच्या चाव्यातून येतो, कापडात नाही, कागदात नाही. हा पुरावा रोज माझ्या टेबलावर होता. त्याची नक्कल काढून वहिनींपुढे ठेवली असती तर एका दुपारचं काम होतं. मला वाटलं, शिकलेली बाई आहे, आपणहून विचारील. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भाचीचं लहानपण तेवढ्यात निघून गेलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. माझी इच्छा एवढीच की माझे डोळे मिटण्याआधी वहिनींनी एकदा माझ्या पलंगावर येऊन बसावं. वकीलबाई म्हणतात, अशी इच्छा कुणावर बंधनकारक नसते. ते मलाही कळतं.

पुरवणी, आज दुपारी लिहिलेली. सह्यांसाठी वकीलबाई आणि शेजारचे शिंपीकाका आले. दुसरा साक्षीदार आला नाही. भाचीबरोबर वहिनी आल्या होत्या. त्यांनी सगळं दारात उभ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "मी करते सही."

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही हं. तुमचा कप जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी भाचीला चहा करायला लावला, त्याच कपात घेतला आणि माझ्यासमोर अर्धा प्यायल्या. मग म्हणाल्या, "वन्सं, सरका थोडं." मी सरकले. पलंगावर बसून, माझ्याकडे न बघता त्या बोलल्या, "त्या पत्रांची भीती मला वर्षभरच होती. आपल्या घरच्या डॉक्टरांनाच विचारलं होतं मी. पण नंतर तो कप फळीवरून खाली काढायची लाज वाटायला लागली. म्हटलं, तुम्ही आलात की काढीन. तुम्ही येईनात."

उरलेला अर्धा चहा मी प्यायले. कलम तीन रद्द. कप या घरातच राहील.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपीकाका
साक्षीदार दुसऱ्या: वहिनी
ठिकाण: राहत्या घरातली मागची खोली
दिनांक: ९ मार्च

सहीशेजारचा गोल डाग कपाचा आहे. तो काढू नये.