उंटाची शिकवणी

सोमवार, ४ मार्च

उंट आला! म्हणजे कामं शिकवणाऱ्या केंद्रातला माझा नवा शिष्य. चोरीपायी चार वर्षं आत होता. इतका लांब, की दारातून वाकून यावं लागतं. बाकीच्या शिकवणाऱ्या बायांनी पटापट पिशव्या मांडीवर घेतल्या. मी माझी त्याच्याच हातात दिली. म्हटलं, "धर. पळालास तर कवळी मिळेल." पुढचा एक दात नाही त्याला. म्हणतो, "मला बसेल का, आजी?"

फुकट शिकवते मी तिथे, शिवण. पण मिजास मात्र पगारी!

गुरुवार, ७ मार्च

लिहिता-वाचता येत नाही त्याला. मला तरी कुठे येतं? हे नात लिहितेय. ती म्हणाली, "टेपवरचे आकडे मी शिकवू का त्याला?" म्हटलं, तू गप लिही. माझी रीत वेगळी. गिऱ्हाइकाच्या अंगाला दोरी लावायची, माप संपेल तिथे गाठ. छातीची लाल, बाहीची काळी. चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीला कपडे घातले. काय अडलं?

नातीने तोंड वाकडं केलंय. अक्षर वाचता येत नाही मला, तोंड येतं.

शनिवार, १६ मार्च

उंटाचा हात बसला. कात्री अशी चालवतो, की कापड आपणहून बाजूला होतंय वाटावं. त्याला सांगितलं नाही, शेफारेल. "कोट शिवलास की गोणपाट?" एवढंच.

महिनाअखेरपर्यंत नोकरी नाही मिळाली तर केंद्राच्या वसतिगृहातली खाट जाणार त्याची. मग रस्ता.

मंगळवार, १९ मार्च

केंद्राच्या प्रमुखबाई म्हणतात, "चोराला दुकानात कोण घेईल, आजी?" अस्सं! गेले तडक बाजारातल्या शिंपीमास्तरांकडे. "सगळं येतं त्याला. माझा शब्द." मास्तर लगेच हो म्हणाले. वर दुकानाची किल्लीही देतो म्हणाले!

नात विचारते, "आकड्यांचं सांगितलंस?"

नाही सांगितलं. माझ्या शिष्यात उणं आहे, हे मीच सांगू?

शुक्रवार, २२ मार्च

दुकानात गेले होते. मिरवायला, दुसरं काय!

मास्तरांनी उंटापुढे भारी कापड टाकलं, मापाची चिठ्ठी दिली, आणि आत जेवायला गेले. गिऱ्हाईक समोर नाही. दोरी लावायची कुणाला? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी घेतली. मुंग्याच मुंग्या.

थांब, मास्तरांना विचारू — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बघतोस काय? गिऱ्हाईक मास्तरांएवढंच असेल. काप!"

त्याने कापलं.

मास्तर जेवून आले, वाया गेलेलं कापड पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरून म्हणाले, "वाच." मग म्हणाले, "अरे, चोर चालला असता मला. ठोंब्या नाही चालणार."

मी तिथेच बसलेली. उंटाने माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही.

शनिवार, ३० मार्च

खाट गेली. जाण्याआधी केंद्रात सांगून गेला म्हणे — दुकानातलं कापड चोरलं, म्हणून काढलं! माझ्या शिकवणीला कुणी नाव ठेवू नये म्हणून. बायांना केवढा आनंद! तुरुंगातून सुटून आलेल्यांना आता तिथे दार बंद.

प्रमुखबाईंनी माझा हात हातात घेतला. "तुमच्या शिकवण्यात काही खोट नव्हती ना, आजी?"

"नाही," म्हटलं.