सुमिएला आवडलेलं देऊळ

१२ फेब्रुवारी
रिटायर झालो. संकल्प : ऑफिसपायी बायकोला, सुमिएला, कधी कुठे नेलं नाही, आता प्रत्येक ऋतूचं फूल, प्रत्येक गावचं देऊळ. प्लॅन माझा, डबा तिचा. बिअर बंद. तिला सांगितलं, तर म्हणाली, तुम्हीच जा की, मला घर तरी एकटीला मिळेल. थकलीय बिचारी. बाहेर काढलंच पाहिजे.

५ मार्च
ओदावारा. प्लमचा बहर संपलेला. मी सगळं नीट आखलं होतं, झाडांनी पाळलं नाही. थंडी फार, म्हणून एकच बिअर.

९ एप्रिल
साकुरा, चेरीचा बहर. झाडाखाली चटई टाकून सुमिएला जातीवार माहिती दिली, जरा मोठ्यानेच. शेजारच्या मंडळींनी आपली चटई उचलून लांब नेली. आदराने जागा करून दिली. हल्ली असे लोक कमी.

१७ जून
कामाकुरा, टेकडीवरचं देऊळ. अजिसाईच्या झुडपांवर फुलांचे निळे गुच्छ, पाऊस, गर्दी. फोटो काढून वळतो तो सुमिए गायब. सापडली पुजाऱ्यांच्या बायकोजवळ, चहा पीत, खळखळून हसत. हे हसणं मी ओळखलंच नाही. विचारलं, तर म्हणे झाडांची चौकशी करत होते. शिकवणी लागू पडली!

८ जुलै
आज पुन्हा तिथेच गेली, एकटी. आता तर फुलंही नाहीत. काय गोडी लावलीय मी!

२३ सप्टेंबर
हिगान, पितरांचा दिवस. आमच्या घराण्याच्या थडग्यापाशी लाल हिगानबाना ऐन बहरात. पहिल्यांदाच माझी वेळ चुकली नाही. सुमिए दगड घासत होती, मी कसा घासायचा ते सांगत होतो. म्हटलं, उद्या आपल्या अस्थीही इथेच, आईशेजारी. तिने हात पुसले. म्हणाली, माझी जागा मी त्या देवळात घेतलीय, अजिसाईखाली. मी म्हटलं, दोघांना पुरेल ना? म्हणाली, एकटीपुरतीच आहे हो. तुमच्या आईबरोबर एका स्वयंपाकघरात जन्म काढला, मेल्यावर तरी सुटी द्या. मी विचारलं, आणि माझ्यापासून? तर बादली उचलून पाणी आणायला गेली.
वाईट वाटलं. फार.

२४ सप्टेंबर
रागाच्या भरात बोलली असेल. देवळात फोन करून शेजारची जागा मागितली. पुजाऱ्यांच्या बायकोने फार गोड आवाजात सांगितलं, रिकामी आहे, पण सुमिएसानना विचारून कळवते.

२५ सप्टेंबर
त्यांचा फोन आला. फुलं बघायला केव्हाही या, म्हणाल्या.