कॉम्प्युटर बंद पडल्याच्या नोंदी

३ मार्च

पुन्हा बंद! अकरा वीसला. चहा ठेवायला उठले होते, परत आले तर पडदा काळा. पान ४१ अर्धं गेलं.

बाबांना जाऊन आज सव्वीस दिवस. अंकगणिताच्या पुस्तकाच्या सात वह्या मागे ठेवल्यात, सगळ्या हाताने लिहिलेल्या. छापखान्याचे काका म्हणाले, "वीस तारखेला टाइप होऊन माझ्या हातात पाहिजे. नंतर शाळांची कामं आली की मला मान वर करायला फुरसत नाही." वर्षभर पडून राहिलं तर हे पुस्तक होणारच नाही. ते तसं बोलले नाहीत. कळलं मला.

रडू येत नाही. टाइप करता येतं.

४ मार्च

दोनदा. १०.०५ — दारावर टपाल आलं होतं. ३.५० — आईला औषध द्यायला गेले होते.

बाबांची पद्धत: एका वेळी एकच बदल, मग थांबायचं, मग लिहायचं. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. याच खोलीत, याच टेबलाशी शिकले. म्हणून आज एकच बदल — वायर नवी.

५ मार्च

वायर नाही.

७ मार्च

आज फाइलच उघडेना. एकोणीस पानं गेली. आईला सांगितलं. "आधी जेवून घे," म्हणाली. जेवले. भाजीत मीठ नव्हतं हे दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

आता दर पानाच्या दोन प्रती ठेवते.

९ मार्च

दुरुस्तीवाला आला. पंख्यातली धूळ काढली, पॉवर सप्लाय बदलला, दोन तास बसून राहिला. एकदाही बंद पडला नाही! "डॉक्टर दिसला की ताप उतरतो," म्हणाला. मग दाराकडे बघून — "टेबलाच्या प्लगचं बटण एवढ्या लांब कशाला?"

बाबांनी मुद्दाम दारापाशी घेतलंय. खोलीत शिरताना चालू, बाहेर पडताना बंद. विसरलं की अंथरुणातून उठवून पाठवायचे. घरात सगळ्यांच्या हाताला ते वळण आहे.

"ताई, तुमच्या डोळ्यांदेखत बंद पडलाय का कधी?"

नोंदी पाहिल्या. एकूण चौदा. डोळ्यांदेखत एकदाही नाही.

"मग मशीन ठणठणीत आहे. घरातलंच कोणीतरी बटण दाबतंय. नाहीतर भूत — आणि भुताचं काम मी घेत नाही."

"पण परत येते तेव्हा बटण चालू असतं," मी म्हटलं.

"चूक लक्षात आली की परत चालू करत असतील. कॉम्प्युटर काय आपोआप उठून बसत नाही."

घरात आम्ही दोघीच.

१० मार्च

आईला विचारलं. विचारू नये असं सकाळपासून वाटत होतं, तरी विचारलं. ती शेंगा सोलत होती. हातातली शेंग खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"असेल बाई. मीच असेन. वय झालं, हात जातो."

मी रागावले नाही. रागवायला हवं होतं का, तेही कळलं नाही. "जरा लक्ष ठेव ना," एवढंच म्हटलं. तर म्हणते, "ठेवते हं." लहान मुलासारखं!

१३ मार्च

काल एकदा, आज दोनदा. आई म्हणते, "मीच गं. वेंधळी झालेय अगदी." पान ८८.

१५ मार्च

बटणावर चिकटपट्टी लावली, वर चिठ्ठी: आई, हात लावू नकोस. आईने चष्मा लावून वाचली. "अक्षर अगदी त्यांच्या वळणाचं आहे तुझं." एवढंच. मग भाजी निवडायला गेली.

कुठलीही पट्टी काढली की चिकट बाजू आत घालून चार घड्या घालायच्या — हीसुद्धा बाबांचीच शिस्त. आई नुसती चुरगाळून फेकते आणि मग ती तिच्याच चपलेला चिकटते. बाबा म्हणायचे, "तुझ्या आईच्या मागे पुरावा चालत येतो."

१७ मार्च

४.१० ला बंद. मी गच्चीवरचे कपडे काढायला गेले होते. पट्टी गायब! चिठ्ठी खाली जमिनीवर.

मोठ्याने बोलले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच आवाज चढला. "तीन दिवस राहिलेत आई! तुला हे पुस्तक व्हायला नकोय का?"

"हवंय गं. चुकलं माझं."

तिने हात पदराखाली घेतले.

१८ मार्च

चार पानं राहिली. अडीच तास एकाच ओळीवर बसले. 'आता हे उदाहरण तुम्ही स्वतः सोडवून पाहा.' वह्या इथे संपतात असं नाही, पण संपत आल्यात.

१९ मार्च

धुवायला टाकण्याआधी माझ्या परवाच्या कुर्त्याचे खिसे पाहिले. पट्टी. चिकट बाजू आत, चार घड्या.

आईपाशी गेले. तळहात उघडून दाखवला. तिने पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "किती पानं राहिलीत?" म्हणाली. मी म्हटलं, दोन.

ती खुर्ची घेऊन आली आणि दारापाशी बसली — बटणाला पाठ लावून.