ठाकोरभाईंची सव्वा मूठ

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

मुक्काम कोसाड, सुरत
आषाढ वद्य पंचमी, १९९७

चि. नरेंद्र यास थोरल्या बहिणीचे, कलाबाईचे, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. पंचायत समितीत कारकून म्हणून तुझी नेमणूक झाली हे वाचून देवापुढे साखर ठेवली (मग ती चहात घातली, प्रसाद वाया घालवू नये). आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, ओट्याच्या पायऱ्या सारख्या चढू-उतरू नको आणि मी दिलेलं तेल जपून लाव. बाटली रिकामी झाली की परत पाठव. इकडे आम्ही सर्व खुशाल. सासूबाईंची प्रकृती माझ्यापेक्षा चांगली आहे. हर्षदा नववीत गेली. तिच्या आठवीच्या वह्यांत कोरी पानं उरली होती, त्यांवर हे पत्र लिहिते आहे. मधेच बेडकाच्या पोटाचं चित्र निघालं तर दचकू नकोस, ते शास्त्राचं आहे.

तू लिहितोस की, ताई, दाजी मिलमध्ये हेड क्लार्क झाले, तर ऑफिसात वर चढायचा रस्ता मलाही दाखव. नरेंद्र, आखाजीच्या सणाला माहेरी आले तेव्हा चार बायकांत बसून मी जे बोलून गेले, ते तू अजून लक्षात ठेवलंस याचं मला कौतुक वाटतं आणि वाईटही वाटतं. तुझे दाजी तेव्हा हेड क्लार्क झालेले नव्हते. आताही नाहीत. कसे झाले नाहीत आणि त्यात तुझ्या या मॅट्रिक पास बहिणीचा हात किती, ते सगळं लिहिते. वर चढायचा रस्ता मला ठाऊक नाही, पण खड्डा नेमका कुठे आहे तो मी स्वतः पडून पाहिला आहे.

आधी ऑफिस म्हणजे काय ते समजून घे. दाजींच्या मिलमध्ये (कामरेजच्या रस्त्यावर आहे, कापड रंगवतात) माणसाची किंमत पगारावरून कळत नाही, खुर्चीवरून कळते. शिपायाला स्टूल. कारकुनाला बिनहातांची लोखंडी खुर्ची. हेड क्लार्कला हातांची, वेताची, आणि डोक्यावर पंखा. मॅनेजरला गोल फिरणारी. शेठला गादी, कारण त्याला उठून कुठे जायचंच नसतं. तुझे दाजी एकोणीस वर्षं त्या बिनहातांच्या खुर्चीवर बसून आल्या-गेल्या कापडाचे ताके लिहितात. आजवर एक ताका इकडचा तिकडे झाला नाही, आणि हीच त्यांची चूक. काम इतकं चोख कधी करू नकोस की तुझ्यावाचून ते अडेल. खुंटी घट्ट बसली की घरातले सगळे सदरे तिच्यावर येतात, पण तिला काढून कोणी बैठकीत बसवत नाही. हे शहाणपण मला उशिरा सुचलं. आधी वाटायचं, देव बघतो आहे ना. देव बघतच होता, पण बढतीच्या कागदावर सही ठाकोरभाईंची लागते.

ठाकोरभाई म्हणजे ह्यांचे मॅनेजर. सुरतेचेच, पंचावन्नच्या पुढचे, बायको वारलेली, एक मुलगा-सून, मागे-पुढे भाऊ-बहीण कोणी नाही. गेल्या वर्षी कळलं की जुना हेड क्लार्क वर्षाने निवृत्त होणार, तेव्हापासून मी कंबर कसली. ह्यांना सांगितलं, साहेब उठेपर्यंत उठायचं नाही. ठाकोरभाईंना बहुतेक कोणी सांगून ठेवलं होतं की कारकून बसलेला असताना उठायचं नाही. दोघं रात्री आठ-आठ वाजेपर्यंत एकमेकांकडे बघत बसायचे आणि इकडे भाकरी वाळून जायची. मग मी उडदाचे पापड पाठवले, चांगले दोनशे. ह्यांनी संकोचाने ते साहेबांच्या टेबलाजवळ ठेवले आणि तोंडाने काही बोलले नाहीत, म्हणून शिपायाला वाटलं आपल्यालाच दिले. शिपाई आजही दाजींना पहिला चहा देतो. (हिशोबाच्या वहीत ते पापड मी 'धर्मादाय' खाली टाकले.) मी गुरुवार धरले, आणि सासूबाई म्हणजे धुरपदाबाई म्हणाल्या, उपास करीसन साहेबनं पोट भरत नही. त्यांच्या या एका वाक्यावरून मला साहेबाला जेवायला बोलावायची कल्पना सुचली, तेव्हा थोडं पाप त्यांच्याही पदरी आहे.

गेल्या श्रावणात कानबाईदेवी घरी आल्या. तुला रोटाचं सांगायला नको, पण आता तू नोकरदार झालास, विसरशील म्हणून लिहिते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचा, घरीच दळायचा, त्याचे रोट करायचे, आणि ते दुधाबरोबर फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला तुकडा नाही. लेक सासरी गेली की तिलाही नाही. उष्टा कण उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. इतकी वर्षं मी हे डोळ्यांत तेल घालून पाळलं. ठाकोरभाईंना जेवायला बोलावलं ते पुरणपोळी, कटाची आमटी आणि गंगाफळाच्या भाजीला. बेत असा की त्यांना बाहेर पाटावर बसवायचं, घरच्यांनी आत रोट खायचे, आणि तिसऱ्या पोळीवर तूप पडलं की ह्यांनी खुर्चीचा विषय काढायचा.

माझा बेत चुकला तो घरामुळे. आमच्या घरात 'आत' म्हणजे पडद्याच्या पलीकडे, आणि पडदा मी त्याच सकाळी धुवायला काढलेला (देवी येणार म्हणून स्वच्छता). ठाकोरभाईंना समोर सगळं दिसत होतं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, मग हात थांबवून विचारलं, "भाभी, आ बधा शुं खाय छे? मने केम नथी आपता?"

हे सगळे काय खातात आणि मलाच का देत नाहीत, असं एखाद्या लहान मुलासारखं विचारलं त्यांनी. दाजी छताकडे बघू लागले, जसं काही ताके तिथे मांडले आहेत. नाही म्हणावं तर साहेबाला घरी बोलावून पंगतीत भेद केला असं होतं, आणि हो म्हणावं तर कुळाचार मोडतो. मी कानबाईकडे पाहिलं. नरेंद्र, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला तिथे देवी दिसलीच नाही. हातांची खुर्ची दिसली, वेताची, आणि तिच्यावर पंखा फिरत होता. मी उठले आणि ठाकोरभाईंच्या ताटात रोट वाढला.

आता सासूबाई घर डोक्यावर घेणार म्हणून मी डोळे मिटून उभी राहिले. त्यांनी आपला घास सावकाश संपवला, दूध प्यायल्या आणि म्हणाल्या, "ज्यानी रोट खादा, तो भाऊबंद व्हयना. आते त्याले सुतक बी लागी." एवढं बोलून त्यांनी दुसरा रोट मागितला.

ठाकोरभाईंनी ह्यांच्याकडून अर्थ विचारून घेतला. रोट खाल्ला म्हणजे भाऊबंद झालो, आता सुतकही लागेल, हे ऐकून हातातला घास ताटात ठेवला, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "मारे भाई नहोतो." मग तेही दुसरा रोट मागते झाले. दुसऱ्या दिवशी तापीवर विसर्जनाला आमच्याबरोबर पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उतरले. मी देवीची माफी मागितली, पण मनात म्हटलं, काम झालं. भाऊ भावाला खुर्ची देणार नाही तर कोणाला देईल? याच भरवशावर मी आखाजीला तुमच्या ओट्यावर त्या बायकांत तोंड उघडलं.

आता ऐक, नीट ऐक, कारण तुझ्या कामाचं इथेच आहे. परक्याला काम सांगताना साहेबाला थोडा तरी विचार करावा लागतो, घरच्याला सांगताना काहीच लागत नाही. ठाकोरभाईंचा गॅस संपला की सिलिंडरच्या रांगेत दाजी. लाइटबिल दाजी. सुनेला माहेरी सोडायचं, दाजी. दर रविवारी ठाकोरभाई आमच्याकडे जेवायला (वांग्याचं भरीत आता त्यांना तिखट लागत नाही, आमच्यापेक्षा जास्त खातात). दिवाळीला बोनस वाटताना सगळ्यांना देऊन झालं आणि दाजींना म्हणाले, घरच्यांनी मागून घ्यायचं. बायका जशा सगळ्यांना वाढून शेवटी जे उरेल ते घेतात तसं झालं त्यांचं. मला बोलायलाही तोंड नव्हतं, पंगतीत बसवणारी मीच.

तरी खुर्ची हुकली नसती, पण माघात ह्यांचे एक चुलत चुलते शिरपूरला वारले. सासूबाईंनी हर्षदाच्या हाती ठाकोरभाईंना सुतकाचा निरोप धाडला. मी म्हटलं, तो मोठा माणूस, हसून सोडून देईल. त्यांनी दहा दिवस दाढी केली नाही. त्यात मिलमध्ये नवीन मशीनची पूजा निघाली. शेठने मानाचा नारळ पुढे केला तर ठाकोरभाई मागे सरले, म्हणाले, सुतक आहे. कोण गेलं? मारा काका, शिरपूरवाळा. शेठला ठाकोरभाईंच्या सात पिढ्या ठाऊक, त्यांतली एकही इथल्या जवळच्या ओलपाडच्या पलीकडे गेलेली नाही. मग चौकशी झाली आणि मॅनेजर आणि ताके लिहिणारा हिलाल (म्हणजे तुझे दाजी) एकाच कुळाचे आहेत हे सगळ्या मिलला कळलं.

गेल्या महिन्यात हेड क्लार्क निवृत्त झाला. नावं दोन, तुझे दाजी आणि आमच्या समोरचा लोटू. लोटू आपल्याच खानदेशातला. उशिरा येतो, लवकर जातो, दर मोजणीला त्याचे तीन-चार ताके कमी नाहीतर जास्त भरतात. ठाकोरभाईंना त्याने उभ्या जन्मात वेलदोडासुद्धा दिला नाही. ठाकोरभाईंनी ह्यांना आत बोलावलं, दार लावलं, स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून दिला आणि म्हणाले, "हिलालभाई, तमे तो घरना माणस. घरना माणसने खुरशी आपुं तो शेठ शुं कहेशे?" घरच्यालाच खुर्ची दिली तर शेठ काय म्हणेल, हे बोलता बोलता त्यांचेच डोळे भरून आले, आणि तुझ्या दाजींनी त्यांची समजूत घातली. घरी येऊन मला एवढंच म्हणाले, बरं झालं, पंख्याखाली मला सर्दीच झाली असती. त्या दिवशी भाकरी मात्र एकच खाल्ली.

संध्याकाळी लोटूची बायको पुष्पाबाई पेढे घेऊन आली. म्हणाली, आम्ही काही म्हणजे काही केलं नाही हो कलाबाई, आपोआप झालं. तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. मी दोन पेढे खाल्ले.

तेव्हा माझा सल्ला एवढाच, की साहेबाला पापड द्यावा, पोळी द्यावी, पण रोट देऊ नये. भाकरी विस्तवापाशी उभी करतात तेव्हा फुगते, विस्तवात घातली की काय होतं ते तुला सांगायला नको. साहेबाला तुझं नाव आठवावं इतपत जवळ जा, त्याच्या घरचा गॅस संपलेला तुला कळेल इतक्या जवळ जाऊ नकोस. आईला माझा नमस्कार सांग. वहिनीला आशीर्वाद. शेजारणींना काही सांगू नकोस.

तुझी ताई,
कलाबाई

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. कानबाई पुन्हा पंधरा-वीस दिवसांवर आल्या. सासूबाईंनी काल मुठी मोजल्या. दरसालच्या होत्याच, त्यांत आता ठाकोरभाई, त्यांचा मुलगा आणि वैशाखात झालेला नातू अशा तीन वाढल्या. मी म्हटलं, ज्याने खुर्ची दिली नाही त्याची मूठ कशाला? सासूबाई म्हणाल्या, देवी मुठी मोजस, खुर्च्या नही. तर घरच्या शेतातला गहू एक पायली कोणी सुरतेला येणारं असेल त्याच्याबरोबर पाठव. इथला महाग आहे आणि त्यात खडे असतात.

ता. क. २. आईला खुर्चीचं खरं सांगू नकोस. तिने गावभर सांगितलं असणार आणि तिचे गुडघे आधीच दुखतात.

ता. क. ३. पाकिटाला खळ लावायला घेतली तोच दारात हातगाडी आली. लोटूने हेड क्लार्क होताच रेक्झिनची नवी खुर्ची मागून घेतली, म्हणून जुनी वेताची भंगारात निघाली होती. ठाकोरभाईंनी ती आमच्याकडे पाठवली आहे, आईला बसायला. म्हणजे आमच्या सासूबाईंना. त्या आता तिच्यावर बसल्या आहेत. दोन्ही हात हलवून पाहिले आणि म्हणाल्या, ऐतवारले हिलालले बसू देसू. दाजी अजून कामावरून आलेले नाहीत. तेव्हा ता. क. २ खोडलं असं समज. आईला खुशाल सांग की दाजींना हातांची खुर्ची मिळाली, वेताची, तीच ती, एका हाताला तेवढी सुतळी बांधली आहे. कुठे ठेवली म्हणून विचारलं तर सांग, पंख्याखाली. (आमच्या घरात पंखा एकच आणि खोलीही एकच, त्यामुळे ती कुठेही ठेवली तरी हे खोटं होत नाही.)