एकतिसावं मत

दि. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

निवड होईपर्यंत घरच्यांशी फोनवर बोलणार नाही म्हणालास, म्हणून लिहितेय. नवा अध्यक्ष ठरेपर्यंत सचिव म्हणून सभागृह तूच चालवायचं आणि तुझा मेहुणा तिथेच पहिल्यांदा निवडून आलेला सदस्य. लोक बोट दाखवतील, हे मला कळतं. उंच खुर्चीवर बसतोस म्हणे. पाय जमिनीला टेकतात ना?

पण सोळा दिवस झाले. अध्यक्षपदाला उभ्या दोघांपैकी, तुम्ही सगळे आजोबा म्हणता त्या म्हाताऱ्या सदस्याला तीस, समोरच्या पक्षाच्या वकीलबाईंना तीस, रोज तेच. इथल्या दवाखान्यातल्या परिचारिकांच्या नेमणुका एकतीस तारखेला संपतात. मुदतवाढ सभागृहाने द्यायची आणि अध्यक्षाशिवाय सभागृहाला साधा ठरावही करता येत नाही. मोठ्या परिचारिकेने कालच सांगितलं, एक तारखेपासून डायलिसिसच्या खोलीला कुलूप. आपल्या आईला आठवड्यातून तीनदा त्या यंत्रावर जावं लागतं. पुढचा दवाखाना सहा तासांवर आहे आणि तिला तासभरही बसवत नाही.

हे रविवारी येऊन गेले. गोठ्यात पाऊल टाकताच गाईला काय होतंय ते सांगणारा माणूस, पण स्वतःला काय होतंय ते सांगेना. भात कालवला आणि तसेच बसून राहिले.

जिवाला जप.
तुझी ताई

दि. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाय टेकतात, पण दुपारपर्यंत त्यांना मुंग्या येतात. सदस्य बाकांवर डुलक्या काढतात. रोज मतपेटी उचलून शिपायाचा खांदा धरला आहे. सगळे माझ्याकडे असे पाहतात, जणू मीच अध्यक्ष कुठेतरी दडवून ठेवलाय.

परवा एक गोष्ट घडली. ती तुझ्या कानावर येईलच, म्हणून मीच लिहितो. निवडून यायला एकतीस मतं लागतात. आजोबांची एकोणतीस झाली, बाईंची तीस, आणि एक चिठ्ठी उरली. तिच्यावर बाईंचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं, पण खाली आणखी तीन शब्द होते. नावाखेरीज काहीही लिहिलं तर चिठ्ठी बाद, असा नियम आहे. मी ती बाद केली. पेच तसाच राहिला.

चिठ्ठी कोणाची ते विचारू नकोस. त्या दिवशी आईचा यंत्राचा वार होता, हे मला ठाऊक होतं.

तिला नमस्कार सांग. माझ्यावर राग धरू नकोस.
तुझा धाकटा

दि. २५ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

विचारायची गरज उरली नाही. चिठ्ठी यांची होती. यांनीच काल सांगितलं. ‘दवाखाना वाचू दे’ हे ते तीन शब्द. स्वतःचा पक्ष सोडून मत देताना आपण विकले गेलो असं कोणी म्हणू नये, म्हणून कारण लिहिलं म्हणे. असा भोळा माणूस.

आणि त्यांचं अक्षर ओळखलं नाहीस असं मला सांगू नकोस. लग्न ठरल्यावर आलेली यांची पत्रं माझ्याआधी चोरून वाचणारा तूच. नाव होतं, मत कळत होतं, मग तुझा हात का अडला?

आज यंत्रावरून उतरताना आईने विचारलं, पुढच्या महिन्यात कोणत्या वेळेला यायचं. परिचारिका तिची चादर नीट करत राहिली.

हे म्हणतात, तू केलंस ते बरोबर. मला अजून तसं म्हणवत नाही.
ताई

दि. २८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओळखलं होतं. पहिल्याच अक्षराला. ती चिठ्ठी धरली असती तर मेहुण्याचं मत सचिवाने चालवून घेतलं म्हणून निवड न्यायालयात अडकली असती, असं मी स्वतःला समजावतो. पण ताई, त्या क्षणी मी नियमाला धरून होतो की नुसता घाबरलो होतो, ते मलाही सांगता येणार नाही.

त्या चिठ्ठीच्या वादात थांबलेलं मतदान काल सकाळी पुन्हा होणार होतं, त्याआधी भावजी उभे राहिले. मी दोनदा बसायला सांगितलं. ते पुढच्या बाकाची पाठ धरून उभेच राहिले. म्हणाले की बाद झालेली चिठ्ठी माझी होती, सचिवांनी योग्य तेच केलं, आज मी फक्त नाव लिहीन. त्यांच्याच पक्षाच्या बाकांवरून कागद भिरकावले गेले. एक फाइल त्यांच्या कानाला लागली. शेवटी आजोबांनीच हात वर करून आपल्या लोकांना गप्प केलं आणि म्हणाले, त्याला पेटीपर्यंत जाऊ द्या.

बाईंना एकतीस मतं पडली. आकडा मी दोनदा वाचून दाखवला. दुपारी मुदतवाढीचा ठराव झाला. भावजींना पक्षाने संध्याकाळीच काढून टाकलं.

तुझा धाकटा

दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डायलिसिसची खोली उघडी आहे. तुला फार टोचून लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस.

यांच्या जनावरांच्या दवाखान्याच्या पाटीला कोणीतरी डांबर फासलं. हे रॉकेलने घासत बसले होते. रोजचे तिघे आपली गुरं दुसरीकडे नेऊ लागलेत. पुढे काय होईल याची धास्ती वाटते, पण ती यांच्यासमोर दाखवत नाही.

काल आई यंत्रावर असताना हे शेजारी बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, मला मत असतं तर मी आजोबांनाच दिलं असतं, ती बाई फार आवाज चढवून बोलते. हे इतके हसले की परिचारिका बघायला आली. मग एकाएकी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी जायला निघाले, तर आईने हात धरला. म्हणाली, राहू दे त्यांना थोडा वेळ.

रविवारी ये. यांच्याजवळ बस. काही बोलला नाहीस तरी चालेल. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी ताई