मराठीत सांगा

सर,

फेलोशिपचं ते वर्ष मी निम्मं ऑपरेशन थिएटरात शिकले आणि निम्मं तुमच्या फियाटमध्ये. तोंडाच्या, गळ्याच्या कॅन्सरच्या सर्जरीला वाहून घेतलेली माणसं तेव्हा थोडी, त्यातले आपण दोघं वाशीचे. संध्याकाळी खाडीपूल ओलांडताना, मानेतल्या गाठी काढताना कुठली नस जपायची, जबडा कुठून कापायचा, हे तुम्ही गिअर बदलता बदलता सांगायचात.

दिवाळीनंतर तुमचा आवाज बसला. "खाडीची हवा गं, दुसरं काय!" म्हणालात. संक्रांत गेली, आवाज काही सुटला नाही. महिनाभर बसलेला आवाज घशात आरसा घालून बघितल्याशिवाय सोडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. तरी मी विचारलं नाही. गाडीत तुम्ही बोलायला लागलात की मला शब्द ऐकू येईनासे झाले, नुसती खरखर ऐकू यायची. बाहेर ओहोटीचा काळा चिखल पसरलेला असायचा, आणि पूल संपता संपायचा नाही.

मग एका शनिवारी, वाशीतल्या तुमच्या छोट्या दवाखान्यात, शेवटचा पेशंट गेल्यावर तुम्ही त्याच्या खुर्चीत बसता. "चला मॅडम, परीक्षा." मी स्पिरिटच्या दिव्यावर छोटा आरसा कोमट करते, माझ्या हाताला लावून बघते, कापडाच्या घडीत तुमची जीभ धरते. "ई म्हणा." उजवा स्वरतंतू सरकतो. डावा जागचा हलत नाही. त्याच्यावर पांढरट, खडबडीत काहीतरी वाढलंय.

"बोला."

"सर, लेफ्ट कॉर्ड इज फिक्स्ड..."

"मराठीत सांगा. मी पेशंट आहे, तुमच्या कॉन्व्हेंटमधली सिस्टर नाही."

वाईट बातमी मी इंग्रजीच्या आडून देते, हे तुम्ही कधीच हेरलं होतं. मराठीत तेच सांगताना ते आपल्या घरातलं होऊन बसतं.

"कॅन्सर वाटतोय," मी म्हटलं. "स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल."

"आणि जीव?"

"वाचेल. बहुतेक."

"बहुतेक!" तुम्ही घोगरं हसलात. "बहुतेकसाठी मुका होऊ? आणि तुला शिकवणार कोण, खुणा करून? किरणांचा शेक घेतो."

शेकाने एवढं वाढलेलं दुखणं क्वचितच हटतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. गणपतीपर्यंत तुम्ही शिकवत राहिलात. पुढे श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं आणि आवाज तसाही गेला. दुसरी दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत.

तेराव्याला तुमच्या घरी काकूंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "तुझं ऐकलं असतं गं त्यांनी. तू का नाही समजावलंस?" मी म्हटलं, "काकू, सर कुणाचं ऐकणारे होते का?" ते खोटं नव्हतं.

पण हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही ऑपरेशनला नाही म्हणालात तेव्हा, आरसा पुसता पुसता, मला आधी बरं वाटलं होतं. सोमवारी गाडीत तुमचा आवाज असणार होता.