सातवी अ, सगळे हिरवे

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायला नाही, स्वतःसाठी. मी काम करतो, पण त्याची नोंद कोण ठेवतो? कुणी नाही.

आज मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, स्टाफरूममध्ये जाहीर केलं की पुढच्या वर्षी दहावीचं गणित कुणाकडे जाणार ते या महिन्याअखेर ठरेल. उमेदवार दोन. एक मी, सातवी अ. दुसऱ्या सातवी ब च्या नव्या मॅडम, ज्यांना या शाळेतलं पाणी अजून धड मानवलेलं नाही. म्हणजे उमेदवार एकच. दहावीची मी इतकी वर्षं वाट बघतोय की आता ती मिळाली नाही तर मी काय करीन मला माहीत नाही.

अट अशी की मोठ्या बाई दोघांच्याही तासाला येऊन बसणार. शिकवलेलं मुलांना समजलं की नाही, हे शिक्षक तासातल्या तासात कसं तपासतात ते बघणार. कसं म्हणजे? मी विचारतो, समजलं का? वर्ग म्हणतो, हो सर. आजवर एकदाही कुणी नाही म्हटलेलं नाही.

८ जानेवारी
ट्रेनिंग. अख्खा दिवस. शिकवणारा पोरगा माझ्या या स्वेटरपेक्षा वयाने लहान. म्हणे परीक्षेची वाट बघू नका, शिकवता शिकवता तपासा. अंगठा वर, अंगठा खाली. लाल, पिवळा, हिरवा कप. तास सुटताना दारात चिठ्ठी. चहानंतरचं फारसं ऐकलं नाही, डोळे जड झाले होते. पण मुद्दा कळला. असल्या गोष्टी मला पटकन कळतात.

शेवटी त्याने विचारलं, कुणाला काही शंका? सगळ्यांनी माना हलवल्या, मीही. नव्या मॅडमनी मात्र हात वर केला. एक शंका, मग दुसरी, मग तिसरी. माझी बस चुकली. काही लोकांना पुढे पुढे करायची हौसच असते.

९ जानेवारी
अंगठे सुरू. अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि अंगठे मागितले. सगळे वर. फक्त मागच्या बाकावरच्या चष्मेवाल्याचा आडवा. आडवा म्हणजे काय, हे ट्रेनिंगमध्ये आलं नव्हतं. बहुतेक चहानंतर आलं असेल.

तरी मी चिडलो नाही. पहिल्यापासून सगळं परत शिकवलं, तेच, फक्त मोठ्या आवाजात. माझ्यानंतर त्यांचा खेळाचा तास असतो, त्यातला बराच गेला. मग परत अंगठे मागितले. सगळे वर. चष्मेवाल्याचे दोन्ही.

याला म्हणतात रिझल्ट.

१३ जानेवारी
अंगठ्यांत दम नाही. लांबून दिसत नाहीत. आज कप आणले. प्रत्येक बाकावर तीन. समजलं तर वर हिरवा, थोडं अडलं तर पिवळा, अजिबात नाही तर लाल.

पहिल्याच दिवशी निम्मा वर्ग लाल! डोकं भणाणलं. इतकं सोपं करून सांगतो, आणखी काय पाण्यात विरघळवून पाजू? परत शिकवलं. खेळाचा तास पूर्ण गेला. खेळाचे सर गळ्यात शिट्टी अडकवून दारात ताटकळत होते. मी त्यांना नुसते लाल कप दाखवले. नाइलाज आहे.

१४ जानेवारी
आजही लाल. आजही परत शिकवलं. खेळाचा तास आजही गेला. घसा बसला. यांना शिकवायचं म्हणजे जीव काढून द्यायचा.

१५ जानेवारी
हिरवे! सगळे! एकही पिवळा नाही!

दोन दिवसांत वर्ग कुठून कुठे नेला. मॉनिटरला शाबासकी दिली, तो लाजला. जिना उतरताना शीळ घातली.

रात्री जेवताना घरी सांगितलं. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमच्याकडे पेशंट म्हणतो मला शुगर नाही, तरी आम्ही बोट टोचतोच. मी म्हटलं, तुझं क्षेत्र वेगळं. ती म्हणाली, असेल, भात वाढू का?

मुलगी सातवी ब ला आहे. आमच्याकडे शिक्षकाचं मूल शिक्षकाच्या वर्गात घालत नाहीत, म्हणून तिचं नुकसान होतंय. ताटावरच तिला अपूर्णांक समजावले. माझं वाक्य संपायच्या आत म्हणाली, समजलं बाबा. माझ्यावर गेलीय.

२० जानेवारी
हिरवे. रोज हिरवे.

लाल कप मात्र दिसेनात. चौकशी केली तर ते मैदानावर निघाले. पोरांनी त्यांत वाळू भरून गोलपोस्ट केलेत. आधी रागावणार होतो, मग वाटलं की लाल कपांची गरजच उरली नाही, याहून मोठा पुरावा कोणता? खेळाच्या सरांनी तर आज हात जोडले. म्हणाले, तुमचे कप आले आणि तुमचा वर्ग मैदानावर वेळेत यायला लागला. निदान एक माणूस तरी मला ओळखून आहे.

२३ जानेवारी
सातवी ब वरून जात होतो. आत बाजार भरला होता. एक मूल फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून उभं आणि बाकीचे ते का चुकलं यावर भांडतायत. आणि मॅडम? खिडकीला टेकून ऐकतायत! सुटताना प्रत्येकाकडून चिठ्ठी घेतात, आज कुठे अडलात. चिठ्ठ्यांचा डबा गच्च भरलेला. म्हणजे इतकी मुलं इतक्या ठिकाणी अडलेली! कीव आली. यांत माझी मुलगी बसते.

मोठ्या बाईंना सहज बोललो की ब तुकडीत बऱ्याच अडचणी दिसतात. कान फुंकले नाहीत, फक्त कानावर घातलं.

२७ जानेवारी, रात्र
उद्या माझा तास. वर्गाला कल्पना दिली. मॉनिटर म्हणाला, सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका, आम्ही बघतो. गहिवरलो. निळा शर्ट इस्त्री केलाय.

२८ जानेवारी
लिहायचंच नव्हतं. पण लिहितो.

तास उत्तम झाला. अपूर्णांकांची बेरीज, अक्षर मोत्यासारखं. शेवटी मी नुसतं म्हटलं, कप. खट् करून सगळे हिरवे. मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांनी काही लिहिलं नाही.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, सर, एक विचारू? मी म्हटलं, खुशाल. त्यांनी सांगितलं, एक-द्वितीयांश अधिक एक-तृतीयांश, वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहा आणि वह्या वर धरा. वह्या वर झाल्या. दोन-पंचमांश. दोन-पंचमांश. दोन-पंचमांश. वरचे आकडे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. क्षणभर मला अभिमानच वाटला, इतकं एकमत! मग मी फळ्याकडे बघितलं. फक्त चष्मेवाल्याचं पान कोरं होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, असं समजा की तुम्ही अर्धा तास खेळलात, मग आणखी एक-तृतीयांश तास खेळलात. तुमच्या हिशेबाने एकूण दोन-पंचमांश तास, म्हणजे चोवीस मिनिटं. चालेल?

वर्ग उसळला. चोवीस कशी? अर्धा तासच तीस मिनिटांचा! वर वीस! फसवताय बाई! बघता बघता पन्नास मिनिटं आली आणि पन्नास मिनिटं म्हणजे पाच-षष्ठांश तास हेही आलं. चष्मेवाला तर बाकावर चढून ओरडत होता. माझ्या तासाला तो कधी बाकावर चढलेला नाही.

मग त्यांनी विचारलं, मघाशी येत नव्हतं, तर सगळे कप हिरवे कसे? मॉनिटर उठला. म्हणाला, लाल ठेवला की सर परत तेच शिकवतात आणि आमचा खेळाचा तास जातो.

परत तेच. याच पोराला मी शाबासकी दिली होती.

२९ जानेवारी
डोकं दुखतंय म्हणून रजा. शांतपणे विचार केला. एक तर तास आणि मिनिटं हा वेगळा धडा, तो मी घेतलेलाच नाही. दुसरं, पाहुण्यांनी प्रश्न विचारायचे तर आधी सांगायला हवं. तिसरं, कप. ट्रेनिंगवाल्याचीच आयडिया. मी मुळात अंगठ्यांवर खूश होतो.

बायको कामावरून आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, भात वाढू का? त्यापेक्षा टोचून बोलली असती तर बरं.

३१ जानेवारी
मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ समजावत होत्या. मुलं घाबरतात, खरं सांगितलं की शिक्षा होते असं त्यांना वाटतं, वगैरे. दहावी नव्या मॅडमकडे, हे त्यांनी मधेच कुठेतरी सांगितलं. त्यापुढचं माझ्या कानात शिरलं नाही. शेवटी विचारलं, समजलं ना सर? मी म्हटलं, हो.

एवढं लक्षात आहे की सोमवारपासून माझ्या ऑफ तासाला मी सातवी ब त जाऊन बसायचंय. उघड आहे. दहावी देताना मॅडमवर अनुभवी माणसाची नजर हवी. लाल पेन घेऊन जाईन.

३ फेब्रुवारी, सोमवार
रिकामी जागा एकच होती, मागच्या बाकावर, मुलीशेजारी. गुडघे बाकात मावेनात. मुलगी ओशाळली, पण सरकली.

निम्म्या तासात ती उभी राहिली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, मॅडम, खालचा आकडा सारखा का करायचा ते मला अजून कळलेलं नाही. धडधडीत, न घाबरता. त्याच गोष्टीवर घरी ताटावर म्हणाली होती, समजलं बाबा. मी रोज घरी असतो. मला एकदाही सांगितलं नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लाल पेनाचं टोपण उघडलंच नाही.

मॅडमनी कागदाच्या पट्ट्या घड्या घालून मुलांकडूनच उत्तर काढून घेतलं. मुलगी हसली. बाकाखाली पाय हलवत बसली. ती असं करते हे मी विसरलो होतो.

सुटताना चिठ्ठ्या वाटल्या, एक मलाही. आज कुठे अडलात? मी लिहिलं, सगळं समजलं. खाली सही केली. मुलीने वाकून वाचलं आणि कानात म्हणाली, बाबा, असं नको लिहूस. असं लिहिलं की मॅडम थांबवून घेतात आणि समजलेलं समजावून सांगायला लावतात.

मी म्हटलं, मला कोण थांबवतंय?

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं खेळायला पळाली. मुलगी दारातून दोनदा वळून बघून गेली. मॅडमनी माझी चिठ्ठी वाचली, समोरच्या बाकावर बसल्या आणि अगदी आदराने म्हणाल्या, सर, खालचा आकडा सारखा का करायचा, ते मला सांगता?

मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, नियम नाही सर, का ते. मी परत तोच नियम सांगितला, जरा मोठ्या आवाजात. त्या थांबून राहिल्या. घाई नव्हती त्यांना.

मी टेबलावर बघितलं, बाकावर बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हाताशी एक लाल कप असता तर बरं झालं असतं. ते सगळे खाली मैदानावर होते, वाळू भरलेले. सातवी अ गोल करत होती.